तोंडावाटे काही नाही

दशरथच्या पलंगाला ‘तोंडावाटे काही नाही’ अशी पाटी लटकली होती आणि तिची राखण त्याची बायको मालन करत होती. त्याच्या पित्ताशयातला एक खडा घसरून भलत्याच जागी अडकला, स्वादुपिंड सुजलं आणि त्याचा मोठा भाग आतल्या आत सडला. साकीनाक्याला लेथवर उभं राहून आयुष्य काढलेला धट्टाकट्टा माणूस अंथरुणाला खिळला. मुलुंडच्या या हॉस्पिटलात डॉक्टर गार्गी मॅडमनी सांगितलं, पोट फाडायचं नाही. तोंडातून दुर्बीण घालायची, जठराच्या भिंतीतून वाट करून पलीकडे जायचं आणि सडलेलं थोडं थोडं काढायचं. एका दमात होणार नाही, धीर धरा. मालनने धीर धरायचा म्हणजे धरायचाच, असं ठरवून टाकलं.

अशी दोनदा सफाई झाली होती, तिसरी आज सकाळी होती. प्रत्येक वेळी पोट रिकामं हवं. नाहीतर गुंगीत अन्न उलटून फुप्फुसात जातं आणि माणूस हातचा जातो.

आदल्या दिवशी कुडाळहून आक्का आली, दशरथची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. आता कोकणातल्या माणसाला आजाऱ्याच्या पोटात पेज गेली नाही तर औषध लागू पडतं यावर विश्वासच बसत नाही, त्याला कोण काय करणार! आज सकाळी मालन खालून औषधं घेऊन आली, तर पलंगाशी पेजेचा वास आणि दशरथच्या मिशीला भाताचं शीत.

“दोनच चमचे दिलंय,” आक्का म्हणाली. “पोटात काय नाय तर माणूस उभो कसो रवतलो?”

पहाटेपासून दशरथचा ताप चढत होता.

“बोलू नको गं कोणाला,” तो पुटपुटला. “आजची सफाई टळली तर माझी वाट लागेल.”

सांगावं तर आतलं विष तसंच राहणार, आणि वन्संची चारचौघांत शोभा होणार. न सांगावं तर? मालनने घाबरत घाबरत, पण सरळ जाऊन मॅडमना सांगितलं.

“बरं झालं सांगितलंत,” गार्गी मॅडम म्हणाल्या. “आता संध्याकाळी करू.”

दिवसभर दशरथ हुडहुडत होता. मालन कपाळावरच्या पट्ट्या बदलत राहिली. आक्का बाकावर तोंड फिरवून बसली.

“सगळ्यांसमोर माझी लाज काढलंस.”

“काढली, वन्सं. हे वाचले की रोज उठून तुमची माफी मागीन.”

संध्याकाळी सफाई नीट झाली. मॅडम बाहेर आल्या. “बरंच निघालं. अजून एकदा जावं लागेल. सकाळी तसंच केलं असतं, तर कदाचित टेबलावरच गेले असते.”

आक्काने ते ऐकलं. त्या रात्री ती जेवली नाही.

पुढच्या सफाईच्या सकाळी मालनने पलंगाजवळचं स्टूल आक्कासमोर सरकवलं. “मी औषधं घेऊन येते. तुम्ही बसा.”

पुतणी गंधालीने तिला पॅसेजमध्ये गाठलं. “काकी, वेड लागलंय का तुला? मी बसते ना! परत आत्यालाच कशाला?”

“परत त्यांनाच,” मालन म्हणाली आणि जिना उतरली. खाली औषधांच्या रांगेत मात्र ती सारखी जिन्याकडे वळून बघत होती.

ती परतली तेव्हा दशरथ विनवत होता, “आक्का, घसा सुकलाय गं. ओठ तरी भिजव.”

लहानपणापासून त्याने मागितलं आणि आक्काने दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. तिने दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

“नाय रे बाबा,” ती म्हणाली. “कितीय माग. आज तुझी आक्का तुका काय देवची नाय.”

मालन दारातच थांबली. दशरथला सफाईला न्यायची ट्रॉली येईपर्यंत ती आत गेली नाही.