टेलरमास्तरांचा होकार

टेलरमास्तरांच्या कॉम्प्युटरने सकाळपासून मौन धरलं होतं. पडदा उजळायचा, पंखा घरघरायचा, पण इंटरनेटचं नाव काढलं की पांढऱ्या पानावर एकच ओळ यायची: जोडणी होऊ शकत नाही. मास्तरांनी बटण बंद केलं, चालू केलं, माउसला फुंकर मारली, शेवटी हात जोडले. ओळ जागची हलली नाही.

एरवी ते म्हणाले असते, असू दे, दमला असेल बिचारा. पण आज दुपारी चारला ताई पडद्यावर येणार होती.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. भाचीच्या लग्नापासून तिने अबोला धरला होता, आणि तिचं काही चुकलं होतं असं मास्तरांच्या बायकोलाही म्हणता येत नव्हतं. लग्नाचा पोशाख मास्तरांनी शिवायला घेतला होता. "हो, देतो की वेळेवर," असं जितक्यांदा विचारलं तितक्यांदा सांगितलं होतं. आणि ऐन लग्नाच्या सकाळी पोशाख पोचला तो एका बाहीचा. दुसरी बाही मास्तर खिशात घालून आले होते, तिथेच बसून जोडू म्हणून. भाची बिचारी प्रत्येक फोटोत एका अंगावर वळून उभी आहे. त्या दिवसापासून ताई त्यांचा फोन उचलत नव्हती. आता भाचीनेच मध्ये पडून आईला राजी केलं, तेव्हा निरोप आला, "चारला येईन. एकदाच. तोंड समोर दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर समजेन, बाळ्याचा हाही 'हो' दुकानातलाच होता."

"सूनबाई!" मास्तरांनी हाक मारली. "येतेस का जरा? माझे प्राण कंठाशी आलेत."

सूनबाई ऑफिसचं काम घरूनच करायची. हातात फोन घेऊन ती आली आणि मोडेमच्या दिव्यांकडे बघून म्हणाली, "बाबा, नेट धो धो चालतंय. माझ्या फोनवर आहे. दुखणं तुमच्या मशीनच्या पोटात आहे."

"मग तुझ्याच फोनवरून ताईला लावूया!"

"आत्या अनोळखी नंबर उचलतात का?"

"भावाचा उचलत नाही, अनोळखी काय उचलेल!"

"मग तुमचं खातं माझ्या फोनवर उघडू. पासवर्ड सांगा."

मास्तरांनी मापाची पट्टी गळ्याभोवती आणखी एकदा गुंडाळली. "तो कॉम्प्युटरला ठाऊक आहे. त्याने विचारलं होतं, मी लक्षात ठेवू का? मी म्हटलं, हो, ठेव."

दारात उभी असलेली बायको म्हणाली, "ह्यांना विचारायचा अवकाश. कुणी विचारलं, तुमचं घर नेऊ का, तरी म्हणतील, थांबा, किल्ली देतो."

ते अगदीच खोटं नव्हतं. लहानपणापासून ऐकलेल्या आख्यानांत देव नेहमी वेष पालटूनच दारात यायचा, कधी भिकारी होऊन, कधी वाटसरू होऊन. तेव्हापासून कुणालाही 'नाही' म्हणताना मास्तरांच्या जिभेला गाठ बसायची. गिऱ्हाइकाने विचारावं, शुक्रवारी मिळेल? हो. विजार थोडी सैल कराल? हो. बारीक दिसेन ना मी? हो, हो.

सूनबाईने कॉम्प्युटरमध्ये काय काय भरलंय ते उघडून बघितलं आणि डोक्याला हात लावला. "बाबा, हे काय? हवामान सांगणारे चार जण! वेग वाढवणारे दोन! आणि हे टोपी घातलेलं बदक कोण?"

"ते नाचतं."

"कशासाठी?"

"ते मी नाही विचारलं. एवढंसं तोंड करून म्हणालं, मला आत घेता का? मग काय दार लावायचं त्याच्या तोंडावर?"

"अहो, ह्यांतलाच कुणीतरी नेट अडवून बसलाय! एकेकाला बाहेर काढावं लागेल."

ती कामाला लागली. हवामानवाले गेले, वेगवाले गेले. तेवढ्यात तिच्या ऑफिसचा फोन आला. "बाबा, आता बदकाची पाळी आहे. 'खात्री आहे का?' असं विचारेल. तुम्ही फक्त 'काढून टाका' दाबा. आलेच मी."

मास्तर खुर्चीवर बसले. पडद्यावर बदक आलं. त्याने टोपी काढली. डोळ्यांत दोन टपोरे थेंब आले आणि खाली अक्षरं उमटली: आमचं काही चुकलं का?

"छे छे, तुझं काय चुकणार," मास्तर पुटपुटले.

सूनबाई परत आली तेव्हा पडद्यावर दोन बदकं नाचत होती.

"हे दुसरं कुठून आलं?"

"त्याचा भाऊ," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "एकटं राहत नाही म्हणालं."

"आई!" सूनबाई ओरडली. "बाबांना दुकानात नेऊन बसवा!"

"मी कशाला नेऊ? उठायला सांग, 'हो' म्हणतील आणि बसून राहतील."

साडेतीन व्हायला आले होते. सूनबाईने दोन्ही बदकांना निरोप दिला आणि कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये उघडला, म्हणजे दुकानाचं शटर अर्धंच वर करून फक्त घरची माणसं आत घ्यावीत तसा. मग आपल्या फोनवरून पेनड्राइव्हवर तपासणीचं सॉफ्टवेअर आणून तिने ते आत सोडलं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. मास्तरांना त्या पट्टीच्या जागी ताईचा चेहरा दिसत होता, डोळे मिटलेला, पलीकडे फिरवलेला.

पट्टी थांबली, लाल झाली.

"सापडला," सूनबाई म्हणाली. "तुमचा तो व्हायरसपासून राखणारा पहारेकरी."

मास्तरांचा चेहरा उतरला. "तो कसा असेल? तो तर रक्षण करतो! रोज सकाळी सलाम ठोकून म्हणतो, सगळं कुशल आहे, मालक."

"तोच. बाबा, असं समजा, दुकानातून निघालेला प्रत्येक कपडा गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी कोपऱ्यावरच्या एका माणसाच्या घरी जातो. तो उलटापालटा करून बघतो, खिसे चाचपतो, मग पुढे सोडतो. आज तो घराला कुलूप लावून पळालाय. म्हणून कपडे जागेवर पडलेत."

"खिसे चाचपतो?"

"रोज."

"पण मालक म्हणायचा गं." मास्तरांचा आवाज लहान झाला. "ह्या घरात दुसरं कोण म्हणतं?"

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. खुर्ची ओढून जवळ बसली. मग सूनबाईला म्हणाली, "तू हात लावू नकोस. ह्यांनाच दाबू दे. नाहीतर उद्या पुन्हा बोट धरून आणतील."

मास्तरांनी पायातला काटा काढावा अशा बेताने माउस धरला. पहारेकऱ्याने लगेच सलाम ठोकला. मालक, मला घालवता? नाही म्हणायचं तर इथे दाबा, हो म्हणायचं तर तिथे. आपोआप बोट 'राहू द्या'कडे निघालं. बायको खाकरली. बोट परतलं आणि 'काढा'वर पडलं.

मालक, तुमचं घर उघडं पडेल! खरंच काढू?

काढ.

मालक, शेवटचं विचारतो...

"अरे, चालता हो!" मास्तर एवढ्या मोठ्याने ओरडले की घरापुढच्या त्यांच्याच दुकानात कापड चाळणारं गिऱ्हाईक, "येते मी, नंतर येते," म्हणत निघून गेलं.

पहारेकरी गेला. इंटरनेट मात्र आलं नाही. तीच पांढरी ओळ. मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. "एवढा जीव घट्ट केला, तो फुकटच?"

"माणूस गेला, पण पत्ता राहिलाय," सूनबाई म्हणाली. "कपडे अजून त्याच घरी पाठवायचे असंच लिहून ठेवलंय." ती सेटिंगमध्ये शिरली, प्रॉक्सी नावाच्या चौकटीतली खूण पुसली, कॉम्प्युटर नेहमीसारखा चालू केला. पान उघडलं. आणि मास्तरांनी देवाचे आभार मानायला डोळे मिटले, ते उघडायच्या आतच घंटी वाजू लागली.

पडद्यावर आधी एक कान आला, मग छत, मग ताई.

"दिसतोयस," ती म्हणाली. "केस गेले सगळे."

"ताई."

"बरं, सरळ सांग. लग्नात मी जे बोलले, ते विसरलास ना? मलाही पुष्कळ वाईट वाटलं नंतर. विसरलास ना रे?"

'हो' ओठांवर येऊन उभा राहिला, रोजच्यासारखा, धुऊन इस्त्री करून. सूनबाईने खोलीतून बाहेर पडता पडता पाऊल थांबवलं.

"नाही," मास्तर म्हणाले.

पलीकडे काहीच हललं नाही. सूनबाईला वाटलं नेट पुन्हा गेलं.

"नाही विसरलो," मास्तर पुढे म्हणाले. "बाही राहिली ती माझीच चूक. शंभरदा माझीच. पण तू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालीस, ह्याच्याकडून गोणपाटसुद्धा शिवून घेऊ नका. ते अजून लागतं. कापड हातात घेतलं की आठवतं."

ताई पदराने डोळे टिपत म्हणाली, "अगं बाई! ह्याला 'नाही' म्हणता येतं! बाळ्या, इतक्या वर्षांत तू मला पहिल्यांदा खरं काहीतरी सांगितलंस रे."

"रागावलीस?"

"रागावले तर काय! हे असलं भांडण पडद्यावर होतं का? समोरासमोर बसून भांडायला हवं. रविवारी येऊ?"

"रविवारी नको. रविवारी शिवण द्यायची आहे, होणार नाही माझ्याने," मास्तर म्हणाले आणि स्वतःच चकित झाले. "सोमवारी ये."

"सोमवारी नक्की?"

"नक्की."

ताईने डोळे बारीक करून तोंड कॅमेऱ्याला चिकटवलं. "कॅलेंडरातला सोमवार की तुझ्या दुकानातला?"

"कॅलेंडरातला, ताई," मास्तर म्हणाले. "कॅलेंडरातला."