रोज रिकामी होणारी ताटली

मी एक जुनी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली आहे. मित्रांनो, तुमच्या घरात आता माझ्यासारखी भांडी फारशी दिसणार नाहीत. माझ्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी 'जीवराम' असे नाव कोरलेले आहे. ते वाचता येते, पण आता बोट फिरवून बघावे लागते.

धुळ्यात एक बोहारीण दारावर आली होती. नर्मदाबाईंनी तिला दोन जुनी लुगडी आणि एक विजार दिली, आणि मी या घरात आले. नर्मदाबाईंचे यजमान जीवरामआबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. कामावरून आले की हातांचा काळा ग्रीस रॉकेलने पुसायचे आणि माझ्यातच भाकरी कुस्करायचे. स्टीलची ताटे आली तरी त्यांनी मला सोडले नाही. एकदा मी गच्चीवरून खाली पडले आणि माझा काठ वाकला. आबांनी तो हातोडीने ठोकून जमेल तसा सरळ केला. ते गेल्यावर मात्र माझे स्वयंपाकघरातले दिवस संपले. काही वर्षे मी चिमण्यांच्या पाण्याची झाले, आणि मग टिकली आली तेव्हा मांजराची. या गोष्टीचे मला वाईट वाटले, पण फार दिवस नाही. भांड्याला कोणीतरी जेवणारे असले म्हणजे पुरते.

टिकली पांढरी, कपाळावर एक काळा ठिपका. तिला आणले आबांच्या नातीने, साक्षीने. मागच्या ओट्यावर, धुण्याच्या दगडाशेजारी माझी जागा होती. सकाळी साक्षी माझ्यात दूधभाकरी घालायची आणि टिकली मला दगडापर्यंत ढकलत ढकलत चाटायची.

यंदाच्या एप्रिलमध्ये ऊन असे पडले की दुपारी मी स्वतःच तव्यासारखी तापायचे. एका सकाळी टिकली माझ्याजवळ आली. तिने वास घेतला, तोंड खाली नेले आणि झटक्यात मागे घेतले. हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती. पंजाने तिने गाल दोनदा पुसला आणि ती निघून गेली.

दुपारी सगळे घर दारे लावून कूलरपुढे पडले असताना भिंतीवरून एक तुटक्या कानाचा बोका उतरला. त्याने मला इतके स्वच्छ चाटले की आबांचे नाव चमकायला लागले.

संध्याकाळी साक्षी म्हणाली, "टिकलीच्या तोंडातून लाळ गळतेय. तिला डॉक्टरांकडे नेऊया ना."

"उन्हामा कोनले भूक लागस?" नर्मदाबाई म्हणाल्या. मग त्यांनी मला उचलून दाखवले. "आनि ताटली ते चाटीपुसी साफ शे. आजारी मांजर इतलं खास का?"

साक्षीची आई शिल्पा अंगणवाडी सेविका आहे. तिनेही माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "खातेय ना, मग होईल बरी."

मित्रांनो, त्या घरात कोणीही निर्दय नव्हते. त्यांनी पुरावा मागितला आणि पुरावा मीच होते. खोटी साक्ष द्यायला तोंड लागतेच असे नाही. दुसऱ्या दिवशी तेच झाले, तिसऱ्या दिवशीही तेच. टिकली येई, माझ्यापाशी थोडा वेळ बसे आणि उपाशी परत जाई. तिला भूक होती, हे मला पक्के ठाऊक होते. दुपारी बोका येई. साक्षीचे म्हणणे आता कोणी ऐकेनासे झाले, आणि रिकामी ताटली पाहून तीही गप्प बसू लागली.

चौथ्या दिवशी ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, घालायचे होते. पहाटेच गच्चीवर चूल पेटली, गल्लीतल्या बाया जमल्या, शिजवलेल्या पिठाचा गरम घाटा ओल्या कापडावर थापला गेला आणि खाटांवर बिबड्यांच्या रांगा लागल्या. दरवर्षी या कामात टिकलीचा वाटा ठरलेला असे. ओल्या बिबड्यांवरून ती एकदा तरी चालत जायची आणि नर्मदाबाई लाटणे घेऊन तिच्यामागे धावायच्या.

ऊन कलल्यावर शेजारची कोकिळा बिबडे उलटत म्हणाली, "नर्मदाबाई, तुमनी मांजर औंदा शाणी व्हई गई. एक बी पाय नही."

नर्मदाबाई हसल्या नाहीत. त्या पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत बघत गेल्या. मग जिना उतरून थेट ओट्यावर आल्या आणि मला हातात घेऊन विचारले, "टिकलीले खातांना कोनी देखं का?"

कोणीच पाहिले नव्हते.

टिकली गव्हाच्या कोठीमागे सापडली. हाक मारली तरी कान हलला नाही. शिल्पाने भाजीच्या टोपलीत जुने लुगडे अंथरून तिला ठेवले, वाटेत काही खाल्ले तर खाईल म्हणून साक्षीने मलाही आत सरकवले, आणि आम्ही स्कूटीवरून गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. आमच्या आधी दोन शेळ्या आणि एक वासरू होते. वासराच्या मालकाने टोपलीत पाहिले आणि आपला नंबर आम्हाला दिला.

डॉक्टरांनी टिकलीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली; अंगातले पाणी आटले होते. तोंड उघडून त्यांनी आत बॅटरी मारली. टाळूला, दोन दाढांच्या मध्ये, हाडाची काडी आडवी अडकली होती.

"केव्हापासून खाल्लं नाही?"

"ताटली रोज रिकामी होत होती," शिल्पा पुटपुटली.

डॉक्टरांनी चिमट्याने काडी काढली, कातडीखाली सलाईन सोडले आणि म्हणाले, "ताटली बघून मांजर कळत नाही, ताई. एक दिवस तोंड लावलं नाही, की आणायचं. अजून दोन दिवस थांबला असता, तर आणायची गरज उरली नसती."

शिल्पा खाली बघत म्हणाली, "ताट रिकामं झालं म्हणू नका, मुलाचं वजन दाखवा, हे मी दर महिन्याला आयांना सांगते."

मित्रांनो, टिकली वाचली. पाच दिवस नर्मदाबाई मला मांडीवर घेऊन बसल्या आणि बोटाने तिला दूध चाटवले. तितक्या जवळून माणसाचा हात मला आबांनंतर पहिल्यांदाच लागला.

पंधरा दिवसांनी कोकिळाचे बिबडे आमच्याच गच्चीवर पडले. मधल्या खाटेवर, एका बिबड्याच्या बरोबर मध्यावर, चार बोटांचा पंजा उमटला. कोकिळा कुरकुरली. नर्मदाबाईंनी हात पुढे केला.

"हाऊ बिबडा माले दे, कोकिळा."

तो त्यांनी तळला नाही. डब्यात सगळ्यात वर ठेवला आहे.

मी अजून ओट्यावरच असते. माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी एखादा मुका जीव असेल, तर माझ्यासारख्या ताटलीवर विसंबून झोपू नका. ती रिकामी दिसली, तर ती कोणी रिकामी केली, हे एकदा शेजारी बसून बघा. मला ते माहीत असते, पण सांगता येत नाही.