छावणीतलं आवतण

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्या साखर कारखान्याचं त्या साली गाळपच झालं न्हाई. ऊस असंल तर गाळणार ना! चिमणी थंड, मशिनीवर धूळ. ज्या मैदानात ऊसाच्या गाड्या लागायच्या तिथं कारखान्यानं जनावरांची छावणी घातलेली. हिरव्या नेटच्या सावलीखाली बैल, गाया, म्हशी, अन् त्यांच्यापाशी खाटा टाकून त्यांची माणसं. चारा जनावराला मिळायचा. माणसाचं ज्यानं त्यानं बघायचं.

मी बायडाबाई. कारखान्याचं कॅन्टीन आमच्या महिला सहकारी संस्थेकडं हाय, अन् संस्थेची अध्यक्ष मी. अध्यक्ष म्हणजे काय, तर सही बी मीच करायची अन् बाई न्हाई आली तर पातेलं बी मीच घासायचं. माझं तोंड तिखट हाय असं लोक म्हणतात. म्हणू द्या. चेअरमन मोहनराव साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "बायडाबाई, कामगारच न्हाईत तर जेवणार कोण? महिनाअखेरीला कुलूप लावा अन् चावी ऑफिसात आणून द्या."

मी चावी कमरेला खोचून तशीच बसले होते, तेवढ्यात उत्तरेश्वर आला. माझ्या थोरल्या बहिणीचं, भिवराबाईचं पोरगं. औरंगाबादला हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला होता. गावात त्याची लई चेष्टा व्हायची. "ऊसतोड्याचं पोरगं शिकून भाकरी थापाय लागलं," म्हणायचे. खरं सांगायचं तर मी बी म्हणायचे.

"मावशी, मला प्रोजेक्ट करायचाय," म्हणला. "संशोधन."

"कशाचं? पिठल्याचं?"

"पाहुणचाराचं."

"ह्या दुष्काळात? तुला दुसरं साल न्हाई गावलं?"

पण पोरगं हसलं न्हाई. त्याच्या वर्गातले समदे मोठमोठ्या हॉटेलांत गेलते. ह्यानं आमची छावणी निवडली. म्हणला, "एवढी माणसं घर सोडून इथं राहतात. ती गिऱ्हाईक न्हाईत, कामगार न्हाईत, पाहुणे बी न्हाईत. मग त्यांच्या जेवणाचं कोण बघतं? त्यांना कॅन्टीनची गरज हाय असं मी कागदावर दाखवलं, तर साहेबांना कुलूप लावता यायचं न्हाई."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. आमचं कॅन्टीन वाचंल ते एक, पण छावणीत त्याची माय बी होती ना. दाजी ऊसतोडीवरनं परत आलेच न्हाईत, तिकडंच विहिरीच्या कामाला राहिले. आक्का एकटी दोन बैलं घेऊन पत्र्याच्या पेटीवर दिवस काढत होती. दिंद्रुडच्या अंगाला त्यांचं गाव, तिथनं कुणी येणारा असला की दीर भाकरी बांधून द्यायचा.

आमी दोघं मोहनरावांकडं गेलो. माणूस वाईट न्हाई. ऐकून घेतलं अन् म्हणला, "गरज हाय असं दाखव, पुढच्या मिटिंगीत ज्वारी-डाळ मंजूर करतो. न्हाई दाखवता आली तर मग मावशीला घेऊन माझ्याकडं यायचं न्हाई."

उत्तरेश्वरानं प्रश्न काढले. दोन्ही वेळा जेवता का? जेवण पुरतं का? इथं जेवणाची सोय झाली तर याल का? औरंगाबादच्या त्याच्या कॉलेजातल्या मॅडमला फोनवर वाचून दाखवले, मला बी वाचून दाखवले. "झकास हायत," मी म्हणलं. त्यात काय चूक असणार, सरळ मराठीत तर होते.

दुसऱ्या दिवशी टोपी घालून निघाला, अन् ओळख करून द्यायला मी संगं. पहिली सावली धोंडीरामची. धोंडीरामनं आधी खाट झटकली, पोराला बसवलं, स्वतःच्या घागरीतलं पाणी दिलं.

"काका, दोन्ही वेळा जेवता का?"

"जेवतो की."

"पुरतं का?"

"देवाच्या दयेनं कमी न्हाई."

"इथं सोय केली तर याल का?"

"आमाला कशाला उगं? त्या छबुबाईला इचारा, म्हातारं माणूस हाय बिचारी."

छबुबाईकडं गेलो तर तिचं तेच. "मला काय कमी हाय बाबा? त्या धोंडीरामाचं बघा, लेकराबाळाचा माणूस." असं हा त्याच्याकडं बोट दाखवतोय, तो ह्याच्याकडं. साऱ्या छावणीत उपाशी माणूस म्हणून गावंना. शेवटाला आक्का. ती पोराच्या तोंडाकडंच बघत होती. "जेवले रे बाबा. तू जेवलास का? वाळलास किती!"

उत्तरेश्वरानं ते बी लिहून घेतलं.

त्यानं समद्या कागदांची बेरीज मांडली अन् कपाळाला हात लावला. मॅडम फोनवर म्हणल्या, "अरे, गरज नाही हाही निष्कर्षच असतो. आलंय तसं लिही." मोहनराव तर हसलेच. "बायडाबाई, तुमच्याच पोरानं शोधून काढलंय. आता मी काय करू?"

मला पोराचा न्हाई, छावणीतल्या माणसांचा राग आला. म्हणलं, ह्यांच्या पोटापायी मी चेअरमनशी भांडते अन् ही म्हणतात आमी तृप्त हाव! मला ते खरंच वाटलं होतं हो. राहा म्हणलं तसंच. कुलूप काढून मी पुसायला घेतलं.

भर दुपारी उत्तरेश्वर पळत आला अन् माझा हात धरून ओढाय लागला. "मावशी, चल. बोलू नको, नुसतं बघ."

आक्का बैलाच्या आडोशाला बसली होती. मांडीवर भाकरीचं फडकं. भाकरीचा तुकडा मोडायची, पाण्यात भिजवायची अन् बैलाच्या तोंडात घालायची. एक तुकडा एका बैलाला, एक दुसऱ्याला. फडक्यातला शेवटचा कोपरा तेवढा तिनं स्वतःच्या तोंडात टाकला अन् वर पाणी प्यायली. चाऱ्याला लांबच्या जिल्ह्यातनं नुसता ऊस यायचा. तो चघळून चघळून बैलांची तोंडं सोलून निघालती.

"माय," उत्तरेश्वर म्हणला, "तू तर जेवले म्हणलीस."

आक्का दचकली. मग तिलाच राग आला. "मग काय म्हणू? तू कागद घेऊन आलास, पलीकडं धोंडीराम, अलीकडं छबुबाई. चार माणसांत उपाशी हाय म्हणून बोंबलू? आमी काय भिकेला लागलोत व्हय रे?"

माझं तोंड बघा, तवा बी तिखटच. "अगं, हाकेवर माझं कॅन्टीन हाय! तुला कितीदा म्हणलं, कवा बी ये म्हणून!"

"कवा बी ये म्हणलीस," आक्का म्हणाली. "आज ये, असं कवा म्हणलीस?"

सख्खी बहीण, अन् मी तिला एकदा बी जेवाय बोलावलं नव्हतं. कवा बी ये ह्याला कुणी आवतण म्हणत न्हाई, हे मला ठाऊक नव्हतं का?

उत्तरेश्वरानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणला, "माझा प्रश्नच चुकला, मावशी. आपल्याकडं जेवलास का म्हणून इचारलं की जेवलो म्हणायचं, झालं. पण घरी येऊन आवतण दिलं अन् माणूस जेवायला गेलं न्हाई, तर वैर धरतात. मी इचारत हिंडलो. बोलवायला पायजे होतं."

"बोलावणार कोण? तू?"

"माय बोलवंल."

आमच्या संस्थेची थोडी ज्वारी कोठीत शिल्लक होती. ती दळून आणली. पोरानं आक्काला सांगितलं, उद्या आपल्या बैलांच्या नावानं जेवण घालायचं, त्यांची तोंडं बरी व्हावी म्हणून. आक्काचा चेहरा बघण्यासारखा झाला. सकाळी तिनं पेटीतलं धुतलेलं लुगडं नेसलं, कपाळाला कुंकू लावलं अन् दावणीदावणीनं निघाली. "आमच्या खंड्या-सर्ज्याचं जेवण हाय सांजच्याला. यायचं बरं का, समद्यांनी." कुणी जेवलो म्हणलं न्हाई. कुणी 'त्याला द्या' म्हणलं न्हाई. "येतो की," म्हणले समदे.

आले बी. आंघोळीला पाणी न्हाई पण पटका नीट बांधून आले. पंगत बसली. आक्का भाकरीची दुरडी घेऊन आग्रह करत हिंडत होती, "घ्या हो, माझ्या सर्ज्याची आण हाय." अन् ती माणसं जेवली बाई! नुसत्या डाळीवर अशी जेवली की माझ्या बायांना तवा खाली उतरवता येईना. मी चुलीपुढं बसून रडत होते अन् धुराला शिव्या देत होते.

हात धुताना धोंडीराम म्हणला, "उद्या माझ्या गाईचं." त्याच्यापाशी दाणे कुठले? वाळलेल्या बाभळीचं जळण आणलं त्यानं. छबुबाईच्या म्हशीच्या जेवणाला तिनं दोन मुठी मिरच्या दिल्या. बाकीचं कॅन्टीनातनं. पण आवतण मात्र ज्याचं जेवण त्यानंच द्यायचं, असा नेमच पडला. कुणी आश्रित न्हाई. आज तू माझ्याकडं, उद्या मी तुझ्याकडं. उत्तरेश्वर वाढायला असायचा, अन् कोण आलं, कुणी किती मागून घेतलं, ते मागाहून लिहायचा. मॅडमला फोन केला तर त्या म्हणल्या, "पहिले कागदही फाडू नकोस. दोन्ही जोड."

पण आमची कोठी तळाला लागली. तवा पोरगं मोहनरावांना घेऊन आलं. साहेबांनी पंगत बघितली. पाठीमागं हात बांधून उभे राहिले, डोळे जरा ओले झाले असं मला वाटलं. तिथल्या तिथं ज्वारी-डाळ मंजूर केली. माझा जीव भांड्यात पडला. चावी मी पुन्हा कमरेला खोचली.

सकाळी बघते तर कॅन्टीनच्या दारावर हा एवढा मोठा फ्लेक्स! वर मोहनरावांचा हात जोडलेला फोटो, खाली 'दुष्काळग्रस्तांसाठी मोफत अन्नछत्र'. त्या सांजेला पंगतीला एक माणूस आला न्हाई. आक्का बी न्हाई. भाकरीचा ढीग तसाच, डाळीवर साय धरली. सावल्यांतनं माणसं आमच्याकडं पाठ करून बसली होती.

"सही घे आधी," मी उत्तरेश्वराला बजावलं. कारखान्याच्या सही-शिक्क्याबिगर त्याचा प्रोजेक्ट जमा होणार नव्हता. "सही झाल्यावर काय भांडायचं ते भांड." ऐकंल तर त्यो आक्काचा पोरगा कसला? सकाळी तसाच ऑफिसात गेला, अन् मी बी त्याच्या पाठीमागं.

"साहेब, बोर्ड काढा," म्हणला.

"का म्हणून?" मोहनराव म्हणले. "कारखान्याचं धान्य हाय. कुठं चाललंय ते सभासदांना दिसायला नको? अन् फुकट मिळतंय तर लोकांना कसली लाज?"

"फुकट मिळतंय म्हणूनच. साहेब, इथला नेम हाय. ज्याचं जेवण, त्यानं दावणीदावणीनं जाऊन आवतण द्यायचं. तुमचं जेवण असंल तर तुमी द्या."

"मी?" मोहनरावांचा आवाज चढला. "आरं, तू मला शिकवायला आलास का? तुला माझी सही पायजे ना?"

"पायजे साहेब. पण जेवाय माणूसच न्हाई, तर सही करणार कशावर?"

मोहनरावांनी तोंड फिरवलं. आमी बाहेर आलो. मी पोराला वाटंभर बोलले, लई बोलले. तुझं वर्ष गेलं, माझं कॅन्टीन गेलं, आता तुझी माय पुन्हा भाकरी बैलाला घालून पाणी पिऊन झोपंल. त्यो खालमानेनं चालत होता नुसता.

दिवस कलला तशी छावणीत कुजबूज झाली. मोहनराव जीप रस्त्यावरच सोडून पायी येत होते. शेणामुतातनं धोतर वर धरून आले अन् सरळ आक्कापुढं उभे राहिले. हात जोडले. फोटोत जोडतात तसे न्हाई, जरा अवघडून.

"भिवराबाई, आज कारखान्याचं जेवण हाय. यायचं."

आक्का उठली न्हाई. बैलाची मान पुसत होती. "कारखान्याचं म्हणजे कुणाचं?"

"कारखान्याचं म्हणजे..." मोहनराव अडखळले. "म्हणजे आपलंच."

"आपलं म्हणजे माझं बी की," आक्का म्हणाली. "कारखाना उभा राहताना माझ्या सासऱ्यानं शेळ्या इकून शेअर घेतलाय. ह्या धोंडीरामाच्या बापानं बी घेतलाय. मग मला कसलं आवतण देता, साहेब? घरच्या माणसाला कुणी आवतण देतं का?"

सारी छावणी कान देऊन ऐकत होती. मोहनरावांना तोंड वर करता येईना. मला वाटलं, झालं, आता हा माणूस माघारी फिरतोय.

आक्कानं हात झटकले, पायात चप्पल सरकवली, डोक्यावर पदर घेतला. "चला. तुमी त्या अंगानं सांगत जा, मी ह्या अंगानं जाते. दोघांत लवकर उरकंल. अन् त्यो बोर्ड काढाय लावा आधी, आपल्याच घरावर असलं कुणी लिहितं व्हय?"

अन् गेले हो मोहनराव! तिकडनं त्यांचा दबका आवाज, "यायचं बरं का," अन् इकडनं आक्काचा खणखणीत, "आपल्या कारखान्याचं जेवण हाय, चला!" उत्तरेश्वर तिथंच उभा राहून लहान लेकरागत रडत होता.

"रडतोस काय?" मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "पीठ मळाय घे. घरची माणसं जेवायला यायलीत."