गव्हाच्या चिरेतला रंग

शेजारची धाकटी सून ओसरीत गहू निवडत बसली होती. एक हात मांडीवरच्या लेकराच्या डोक्याखाली, दुसरा ताटात. दोन महिन्यांचं लेकरू पदराआड चुटुचुटु पीत होतं आणि ती हलक्या आवाजात गात होती:

भाऊराया आला, पाठीवर पोतं बाई,
लेकुरवाळ्या बहिणीला उणं काही नाही.

गव्हाचं ते पोतं महिन्यापूर्वीचं, निम्मं दळून खाऊन झालेलं. तिचा दादा बियाण्याच्या गोदामावर राखणदार. बाळंतिणीला अंगावर दूध यावं म्हणून स्वतः पाठीवर घालून आणलं होतं. मी शेजारीण, पायरीवर शेंगा सोलत होते.

"काकू, हे बघा हो. दाण्याच्या चिरेत लाल काय आहे?"

मी दाणा नखानं कोरला. नख गुलाबी झालं. दुसरा घेतला, तिसरा घेतला. वरून घासल्या भांड्यासारखे लख्ख, पण पोटातल्या चिरेत रंग दडून बसलेला. पेरणीच्या बियाण्याला पाऱ्याचं औषध चोळतात आणि कुणी खाऊ नये म्हणून रंग देतात, हे मी जन्मभर पाहिलेलं.

तेवढ्यात दादाच दारात आला. "कुठं आहेत आमचे भाचेराव?"

धाकटीनं त्याच्या तळहातावर दाणा ठेवला. "हे पेरणीचं आहे?"

"उरलेलं होतं गं. तीन पाण्यांतून धुतलं, कडक उन्हात वाळवलं. रंग गेला की औषध गेलं."

"रंग वरचा होता, बाबा," मी म्हणाले. "पारा आत मुरलेला असतो."

"काकू, तुम्ही कधीपासून डॉक्टर झालात?"

धाकटी माझ्याकडं बघत नव्हती. "दादा, तुझ्या घरी हेच दळता?"

तो चपलेनं माती उकरत राहिला. "आमच्याकडं नाही. तुझ्या वहिनीचं बाळ अंगावर पितंय ना. म्हटलं, उगाच धोका नको."

पदराआड लेकराचे घोट चालूच होते. मग तिनं बोट घालून त्याचं तोंड सोडवलं. ते रडायला लागलं.

मी पळत जाऊन नर्सबाईंना आणलं. त्यांनी पोत्याचं तोंड बांधायला लावलं. "कोंबड्यांनासुद्धा टाकू नका. पारा आईच्या अंगातून दुधात उतरतो. किती उतरला, ते दोघांचं रक्त तपासल्यावरच कळेल. आत्ताच दवाखान्यात चला."

"आणि पाजायचं?"

"मोठे डॉक्टर सांगतील. तोवर डब्याचं दूध वाटीनं देऊ. तू मात्र पिळून टाकत राहा, नाहीतर आटेल. तपासणी ठीक आली, तर पुन्हा तूच पाजशील."

दादा पुढं झाला. "मी येतो बरोबर."

"नको. तू घरी जा. वहिनीला सांग, बाळ कसं आहे म्हणून मी विचारलंय."

आम्ही गाडीत बसलो. वाटेत दोनदा गाडी थांबवून तिनं बांधाच्या आडोशाला दूध पिळलं. तापल्या मातीनं ते बघता बघता पिऊन टाकलं.

लेकरू वाटीला तोंड लावेना. मान फिरवून पुन्हा पुन्हा तिच्या ओल्या पदराकडं झेपावत होतं. तिनं पदर घट्ट आवळला आणि वाटी त्याच्या ओठांना टेकवली.

"पी राजा," ती म्हणाली. "हे परक्याचं आहे. हे चालेल."