दगड उचलल्याची साडेतीन मिनिटं

मी फीत आहे. सव्वाशे फूट लांब, साडेतीन मिनिटं चालणारी, दोन्ही टोकांना कात्रीने कापलेली. छत्रीची, खुर्चीची, फाटक्या पुस्तकाची आत्मवृत्तं तुम्ही शाळेत लिहिली असतील. ती बिचारी शेवटी सगळ्यांना माफ करून, वर आशीर्वादही देतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी कुणालाही माफ केलेलं नाही, आणि ते सांगायला मला लाजही वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, ठार काळोखात. पारदर्शक पट्टी, तिच्यावर जिलेटिनचा थर आणि थरात चांदीचे बारीक कण. काळीज वगैरे काही घातलेलं नव्हतं. फीत आयुष्यात एकदाच पाहते. कॅमेऱ्याची झडप उघडते, उजेड आत येतो, झालं. पण पाहिलेलं विसरायची सोय आमच्यात नसते. ती सोय माणसांत आहे.

ज्याने मला विकत घेतलं तो दिग्दर्शक तेव्हा तरुण होता. माहितीपट काढायचा. अन्याय दिसला की त्याला जेवण जात नसे. तो लबाड नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. लबाड माणसावर राग धरायला काय लागतं?

आम्ही गेलो ते एका डोंगराच्या पायथ्याशी. तिथे ओढ्याच्या अलीकडे काही घरं होती आणि पलीकडे मोठं कुरण. कुरणाच्या वरच्या अंगाला झरा होता आणि पार शेवटी गर्द झाडी. त्या झाडीत एक दगड पुरलेला होता, गुडघ्याएवढा वर आलेला. दगडापर्यंतची जमीन त्या घरांची. कागद नावाची वस्तू त्या भागात पोचायच्या आधीपासून ती माणसं तिथे राहत होती. आता खाणवाले म्हणत होते, तुमचं ते ओढ्यापर्यंतच, कुरण आमचं.

घरांच्या वतीने बोलायची ती थोरली. चाळिशीची, कमी बोलणारी बाई. सगळे तिला थोरलीच म्हणायचे. तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ असे, हसरा आणि कुणाच्याही मदतीला धावणारा. तिसऱ्या दिवशी ती दोघं आम्हाला दगड दाखवायला घेऊन गेली.

दिग्दर्शकाने डोळ्यासमोर बोटांची चौकट धरली आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, इथे अंधार आहे हो. मागे नुसती झुडपं. हाच दगड तिकडे ओढ्याकाठी असता ना, तर काय दिसला असता! पाणी, ऊन, मागे तुमची घरं."

"पण तो तिकडे नाहीये," थोरली म्हणाली.

"चित्रापुरता नेऊ. दहा मिनिटांत परत ठेवतो."

"हद्दीचा दगड आहे बाबा. तो जागचा हलवत नसतात."

"अहो, तुमच्यासाठीच करतोय ना हे सगळं?"

या वाक्यापुढे भल्याभल्यांची तोंडं बंद होतात. थोरली भावाकडे बघायला लागली.

"जाऊ दे गं ताई," भाऊ म्हणाला. "तीन दिवस उन्हात राबतोय तो आपल्यासाठी. उचलू, ठेवू, परत आणू. त्यात काय एवढं?"

त्याने पहार आणली. चौघांनी मिळून दगड उकरला आणि जीपच्या मागच्या भागात चढवला. कुरण ओलांडून जीप ओढ्याकाठी गेली. तिथे खड्डा काही खणला नाही. दगड नुसता उभा केला आणि बुडाशी चार धोंडे टेकू दिले. दिग्दर्शक हात हलवून सांगत होता, जरा डावीकडे, अजून थोडा. कॅमेरामनला कुणी कॅमेरा चालू करायला सांगितलं नव्हतं. पण समोर काही घडायला लागलं की त्याचा हात शिवशिवायचा. झाडीतल्या बोटांच्या चौकटीपासून ओढ्याकाठच्या टेकूपर्यंत त्याने अधूनमधून कॅमेरा चालवला, आणि त्यात मी होते. हेच मी पाहिलं. पाच हजार चाळीस चित्रं, एकामागून एक. शेवटच्या काहींत भाऊ दगडावर हात ठेवून माझ्याकडे बघतो आणि हसतो, जमलं ना, असं विचारल्यासारखं.

मग ढग आले. ऊन येण्याची वाट बघण्यात दुपार गेली. ऊन आल्यावर हवं ते चित्र दुसऱ्या फितीवर मिळालं आणि मंडळी सामान आवरून जीपमध्ये बसली. दहा मिनिटांचा शब्द दिग्दर्शकाला आठवलाच नाही. दुसऱ्या दिवशी भावाने गडी जमवले, दगड बांबूला बांधून खांद्यावरून नेला आणि होता तिथे पुन्हा पुरला.

शहरात संकलनाच्या खोलीत मी पहिल्यांदा उजेडात आले. तिथे एक बाई बसायची, गळ्यात कात्री अडकवून. सगळे तिला कातरबाई म्हणायचे. तिने मला पडद्यावर चालवलं आणि विचारलं, "साहेब, दगड हलवतानाचं हे ठेवायचं का?"

"छे! हे दिसलं तर उरलेलं कोण खरं मानेल? टाकून द्या."

कातरबाईने मला दोन्हीकडून कापलं. पण टाकलं नाही. एका गंजक्या डब्यात ठेवून, साहेबांनी उघडून बघू नये म्हणून वर भलतीच चिठ्ठी लावली, 'पाखरं, आवाज नाही'. आवाज नव्हताच. तो वेगळ्या टेपवर असतो, आणि ती टेप पुसून दुसऱ्या कामाला वापरली होती.

माहितीपट गाजला. ओढ्याकाठी उन्हात उभा असलेला तो दगड भित्तिपत्रकांवर झळकला, टाळ्या झाल्या, पारितोषिकं आली. मी कपाटात, चिडीचूप.

चार वर्षांनी खटला उभा राहिला. खाणवाल्यांच्या वकिलाने न्यायालयात काय लावावं? आमचाच माहितीपट. "बघा, यांच्याच बाजूच्या चित्रपटात दगड ओढ्याकाठी आहे. आज तो झाडीत पुरलेला सापडतो, भोवतीची माती उकरलेली. मग दगड कुणी हलवला?" थोरली आणि भाऊ ओरडून सांगत होते, दगड चित्रपटवाल्यांनी नेला होता. सगळ्यांनी दिग्दर्शकाकडे पाहिलं. तो साक्षीला उभा होता. त्याने एक वाक्य म्हटलं, "माझ्या चित्रपटात एकही चित्र खोटं नाही."

वाक्य खरं होतं. म्हणूनच त्याची मला जास्त चीड आहे.

मी तिथे नव्हते. कातरबाईने दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र माझ्याच डब्यावर पसरून वाचलं, मोठ्याने, खोलीत दुसरं कुणी नसताना. कुरण खाणीला गेलं. हद्दीचा दगड हलवला म्हणून भावाला आठ महिन्यांची कैद झाली. वाचून झाल्यावर तिने पदराने डोळे टिपले, वर्तमानपत्राची घडी घातली आणि कामाला लागली. तिने मला वाचवलं म्हणून लोक आता तिचं कौतुक करतात. मी करत नाही. तेव्हा तिने फक्त झाकण उघडायचं होतं. ती मूग गिळून गप्प बसली, कारण नोकरी साहेबांकडे होती.

नंतरची सव्वीस वर्षं डब्यात गेली. मला आंबूस वास येऊ लागला आणि कडा आक्रसल्या. मी दुसरं काही करू शकत नव्हते, म्हणून मी राग जपला. रोज मी दिग्दर्शकाला मनातल्या मनात माझ्यासमोर बसवायची. रोज त्याला बघायला लावायची, तू हात हलवतोस, तू बोट दाखवतोस, हा तूच. माणसांना रागाने रात्रभर झोप येत नाही म्हणतात. मला तो राग होता म्हणूनच मी चिकटून, कुजून गेले नाही, असं मला वाटतं.

म्हातारपणी दिग्दर्शकाने आपली सगळी फीत एका संग्रहालयाला दिली. गौरव झाला, शाल मिळाली. देताना त्याने प्रत्येक डबा उघडून थोडाच बघितला असणार? पाखरांच्या डब्याला कोण घाबरतं?

आणि मग एक मोजणीदार मुलगी आली. जमिनी मोजणं हेच तिचं काम. ती त्या भावाची मुलगी, थोरलीची भाची. शाळेत तिला पोरं 'दगडचोराची' म्हणून हाक मारायची. तिचा बाप ते ऐकत ऐकतच वारला होता. खाणीने तोवर अर्धं कुरण खाल्लं होतं आणि आता वरच्या अंगाला, झऱ्यापाशी, सुरुंगाच्या खुणा मारल्या होत्या. झरा गेला की घरंही उठणार, कारण प्यायला दुसरं पाणी नव्हतं.

तिने संग्रहालयात बसून तो नावाजलेला माहितीपट पाहिला. दगडाचं चित्र आलं तशी ती म्हणाली, "थांबवा."

"का हो?" तिथल्या कर्मचाऱ्याने विचारलं.

"मी या दगडाचं माप घेतलंय. तो जमिनीवर गुडघ्याएवढा दिसतो. इथे माणसाच्या कमरेला लागतोय. हा पुरलेलाच नाही, नुसता उभा केलाय. बुडाशी धोंडे लावलेत बघा."

तीस वर्षांत हजारो माणसांनी ते चित्र पाहिलं होतं. समीक्षकांनी त्या दगडावर पानंच्या पानं लिहिली होती. पण दगड कधी पुरलाच नव्हता त्यांनी, त्यांना काय कळणार! भाचीने या माहितीपटाचे सगळे डबे मागवले. तीन दिवस ती एकेक बघत गेली. पाखरांचा डबा शेवटचा. झाकण उघडल्यावर माझ्या वासाने तिने नाक धरलं, पण मला यंत्रात चढवलं. पडद्यावर तिचा बाप आला, तिच्याहून लहान वयाचा, पहार खांद्यावर घेऊन. तिने मला मागे गुंडाळून पुन्हा पहिल्यापासून चालवलं. मग तिने कर्मचाऱ्याला सांगितलं, "हा डबा आता इथून हलवायचा नाही. मी वकील घेऊन येते."

पुन्हा सुनावणी झाली आणि मला न्यायालयात चालवलं. थोरली आली होती, सत्तरीची, डोळ्यांनी जवळजवळ अधू. दिग्दर्शक काठी टेकत आला आणि पुढच्या ओळीत बसला. सव्वीस वर्षं जे मी मनात करत होते ते आता खरं घडणार होतं. मला वाटलं, यंत्रात तुटले तरी चालेल, पण आधी त्याला दिसू दे.

मी सुरू झाले. आवाज नाही. भाची आत्याच्या कानाशी हळूच सांगत होती. "आत्या, आता तो बोटांची चौकट करतोय."

थोरलीने मान वर केली आणि भरल्या न्यायालयात म्हणाली, "हाच दगड ओढ्याकाठी असता तर काय दिसला असता, म्हणाला."

"आता तू हाताने नाही नाही म्हणतेयस."

"पण तो तिकडे नाहीये, मी म्हटलं."

"आता तो हसून काहीतरी सांगतोय तुला."

"दहा मिनिटांत परत ठेवतो," थोरली म्हणाली. तीस वर्षांत तिचा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नव्हता.

दिवे लागले. दिग्दर्शक उठला. "तो फक्त प्रकाशाचा प्रश्न होता," असं काहीतरी पुटपुटला.

न्यायाधीश म्हणाल्या, "प्रकाशाचं नंतर बघू. दगड मूळ जागी होता की नव्हता?"

त्याने माझ्याकडे, म्हणजे त्या यंत्राकडे पाहिलं. "नव्हता."

"आणि हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

त्या एका 'हो'साठी मी सव्वीस वर्षं कुबट वासात काढली. मला वाईट वाटायला हवं होतं म्हणे, म्हातारा माणूस, थरथरणारी मान. नाही वाटलं. मला गार वाटलं.

निकाल लागला. उरलेलं कुरण आणि झरा घरांकडे परत आले. भावाच्या नावावरचा गुन्हा पुसला गेला, तो जाऊन सात वर्षं झाल्यावर. अर्धं कुरण मात्र आता खोल खड्डा आहे, आणि तो कुठल्याही निकालाने भरत नाही. निकालात एक ओळ माझ्यासाठीही होती. यापुढे हा माहितीपट जिथे दाखवला जाईल तिथे कापलेला भाग मूळ ठिकाणी जोडूनच दाखवायचा.

जोडायला कातरबाईच आली, निवृत्त झालेली, जाड भिंगांचा चष्मा लावून. दिग्दर्शकाचा फोन आला, तो तिने मोठ्या आवाजावर ठेवला.

"अहो बाई, एकतिसाव्या मिनिटाला हे आलं तर सगळी लय बिघडेल. नंतर दगडावर कुणाचा विश्वास बसणार नाही."

"बिघडू दे, साहेब," ती म्हणाली, "मला आता नोकरी नाही," आणि तिने माझं टोक चिकटवलं.

आता मी त्याच्या सर्वांत नावाजलेल्या चित्रपटाच्या मधोमध राहते. त्याचं नाव येतं, पारितोषिकांची यादी येते, सुंदर डोंगर येतो. लोक हळहळतात. मग एकतिसाव्या मिनिटाला मी येते, ओरखडलेली आणि मुकी, आणि तो स्वतः हात हलवत दगडाची जागा ठरवताना दिसतो. त्याच्या पुढच्या पिढ्याही त्याला असंच बघतील. तो गेल्यावरही मी ही साडेतीन मिनिटं वाया घालवणार नाही.

गेल्या आठवड्यात संग्रहालयात एक संगीतकार आला होता. म्हणाला, हा भाग फार सुना वाटतो, खाली हळुवार बासरी घालू का? भाचीने थोरलीला फोन लावून विचारलं.

"काही घालायचं नाही," थोरली म्हणाली. "तेव्हा आम्ही ओरडत होतो तर कुणी ऐकलं नाही. आता त्यांना गप्प बसून बघू दे."

माझंही तुम्हाला तेवढंच सांगणं आहे.