रोट खाल्लेली बहीण

उधना गावातल्या कारखान्यात, साड्यांना खडे चिकटवायच्या खात्यात, मयुरी दिवसभर पाण्याचा घोट घेत नसे. पुरुषांच्या संडासात गेलं की बाहेरून कडी लावून हसणारे होते, आणि बायकांच्या संडासात तिला मज्जाव होता. मागे लघवीला आग होऊन ताप चढला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील.

तृतीयपंथीयांसाठी झटणाऱ्या एका संस्थेच्या वकीलबाईंनी तिला समजावलं होतं, की तृतीयपंथी म्हणून कामावर भेदभाव करायला कायद्याची बंदी आहे. नोटीस धाडू, शेठ सुतासारखा सरळ होईल. पण मयुरीने आधी विचारून पाहिलं, तर शेठ गोड बोलला. बायकांची हरकत नसेल तर खुशाल जा, म्हणाला. त्यांच्यातल्या एकीने माझ्यासमोर तसं सांगावं. मयुरीने नोटीस थांबवायला लावली. तिची उज्ज्वला होती ना!

उज्ज्वला खात्यातली सगळ्यांत जुनी बाई, मयुरीसारखीच धुळ्याकडची. श्रावणात तिच्या घरी कानबाई देवी बसली, तेव्हा तिने मयुरीला पाटावर बसवून प्रसादाचा रोट वाढला होता. खानदेशात हा रोट भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत. आईबापांनी दार लावून घेतलेल्या मयुरीला त्या घासाने घर मिळालं. रोटातलं माणूस उलटत नाही, हे तिने कायद्याहून पक्कं धरलं. वेडी कुठली!

शेठने बायकांना बोलावलं. उज्ज्वला पुढे झाली, पदर सावरला आणि म्हणाली, "शेठ, गणपत को जेन्ट्स में ही भेजो. हम औरतों को शरम आती है."

गणपत हे मयुरीचं जन्मनाव खात्यात कुणाला ठाऊक नव्हतं. तिने ते एकट्या उज्ज्वलाला, रडत रडत सांगितलं होतं. आता सगळं खातं हसलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. शेठने हात झटकले आणि तो केबिनमध्ये गेला.

सुटी झाल्यावर उज्ज्वला फाटकापाशी तिची वाट पाहत उभी. राग मानू नको, म्हणाली. मलाही त्याच बायकांत दिवस काढायचे आहेत. रविवारी मात्र जेवायला नक्की ये.

"तुना घरना संडास माले चालस," मयुरी कारखान्याकडे बोट दाखवत म्हणाली. "मंग आठला का नही?"

"बहीन, घरमा कोन देखस?" उज्ज्वला अगदी सहज बोलली, आणि आलेल्या रिक्षात चढून तिच्यासाठी जागा करत आत सरकली.

मयुरी चढली नाही.