काठ वर घेतलेल्या ओढण्या

झेनेबेचची आई गेल्याचं मला शुक्रवारी कळलं, आणि झेनेबेचला ते कुणी, कुठे सांगायचं हा प्रश्न त्या क्षणापासून माझा झाला.

तिच्या भावाने आमच्या देशातून, वोल्दियाहून, फोन केला तो मला. तिला करणं त्याच्या मनातही आलं नसणार. आमच्याकडे मरणाची बातमी एकट्या माणसाच्या कानात टाकत नाहीत. नात्यातल्या, शेजारच्या बायका पहाटे जमतात, पांढऱ्या ओढण्यांचे एरवी खाली असणारे रंगीत काठ वर उचलून चेहऱ्याशी घेतात आणि न बोलता दाराशी उभ्या राहतात. उंबऱ्यात एवढी माणसं पाहिली की घरातल्याला अर्धं कळतं. उरलेलं अर्धं सांगायला तोंड लागतं, आणि कोसळणाऱ्याला धरायला हात. याला मेर्दो म्हणतात. भाऊ म्हणाला, "वुबितताई, तिला एकटीला कळू देऊ नका. तिकडे तुम्हीच तिचं गाव."

बैरूतमध्ये आमचं गाव म्हणजे आम्ही मूठभर बायका. कामाच्या घरांतून पळालेल्या, पासपोर्ट मालकिणींच्या कपाटांत सोडून आलेल्या. कागद नसलेल्या माणसाला या शहरात आपली सावलीही जपून टाकावी लागते. झेनेबेचची खोली बुर्ज हम्मूद वस्तीत होती आणि घरमालक जिन्याच्या तोंडाशीच खुर्ची टाकून बसे. दोन बायका बरोबरीने वर चढल्या तरी त्याची मान वळे. पहाटे पांढऱ्या ओढण्यांचा घोळका त्या जिन्यावर गेला असता, तर बातमीच्या आधी पोलीस पोचले असते.

जमायला आम्हाला एकच जागा होती: बंद पडलेल्या छापखान्याचं तळघर. दर रविवारी तिथे जुमाना आमच्याकडून नाटक बसवून घेई. जुमाना इथलीच, बोलायला फटकळ, मनाने हळवी. नाटक आमच्याच कहाण्यांचं होतं. फक्त जिची कहाणी तिने ती सांगायची नाही आणि खरं नाव घ्यायचं नाही, असा नियम होता. कुणी दरडावून विचारलंच तर प्रत्येकीला खरं उत्तर देता यावं, की ही माझी नव्हे. ज्या बाल्कनीतून झेनेबेच चादरींना लोंबकळत उतरली होती, ती बाल्कनी नाटकात थोरल्या एतेनेशताईंकडे गेली होती. माझे वडील झेनेबेचच्या वाट्याला आले होते.

वडील गेल्याचं मला भांडी घासताना फोनच्या पडद्यावर कळलं होतं. मी आधी नळ बंद केला. मग ताटं पुसून मांडली, कारण बाहेर पाहुणे भुकेले होते. नाटकात जुमानाने एवढंच बदललं, की तिथे बायका येतात. मला जे मिळालं नाही ते प्रत्येक रविवारी त्या दिव्याखाली झेनेबेचला मिळे, आणि मी त्या बायकांतली एक होऊन माझ्याच दाराशी उभी राहत असे. ती फार सुंदर रडायची. "तुझ्या बापासाठी मी तुझ्याहून जास्त रडलेय," ती मला चिडवायची, "वर गेल्यावर ते मलाच लेक म्हणणार बघ." मी तिला उलट टोमणा मारायची, की रडतेस छान पण नळ बंद करायला दर वेळी विसरतेस; एव्हाना अर्धं बैरूत वाहून गेलं असेल.

एतेनेशताईंनी ठरवलं ते असं. रविवारी संध्याकाळी प्रयोग होता, सकाळी शेवटची तालीम. प्रयोगानंतर झेनेबेच नेहमीप्रमाणे आईला फोन करणार, म्हणजे त्याआधी सांगायला हवं. तालमीच्या आधी, तळघरातच. जुमानाला मात्र काही बोलायचं नाही. लेकीच्या आधी परक्याला कळणं ताईंना अशुभ वाटत होतं.

आम्ही लवकर पोचलो. काठ वर घेतले. ओढणीच्या आत प्रत्येकीचा श्वास वेगळा आणि उष्ण लागत होता. झेनेबेच कॉफी भाजायची कढई काखोटीला मारून जिना उतरली आणि आम्हाला पाहून थबकली.

"अगं बाई, आज सगळ्या माझ्या आधी?" ती हसली. "बरं, बरं. मग करूनच टाकू तुझा बाप, वुबित."

कढई ठेवून ती स्टुलावर जाऊन बसली आणि हवेतली ताटं घासू लागली. मागे अंधारात जुमाना होती. तिने आपणहून दिवा लावला.

तेव्हा कुठे आम्हाला उमगलं. त्याच ओढण्या, तेच काठ, तीच मूक रांग. विधी पाळण्याच्या नादात आम्ही हे विसरलो होतो, की तोच विधी आम्ही तिला नाटक म्हणून शिकवला आहे. ज्या उंबऱ्यावर अर्धी बातमी आपोआप सांगितली जाते, तो उंबरा आम्ही स्वतःच झिजवून टाकला होता. एतेनेशताईंनी माझा हात दाबला. त्या प्रवेशात बोलायचं तोंड माझंच असे.

"झेनेबेच," मी आमच्या भाषेत म्हणाले.

"नाव नको घेऊ," ती पुटपुटली, हात चालूच. "आणि अरबीत बोल, जुमाना ओरडेल."

"झेनेबेच, आदानेच गेल्या. तुझी आई."

"वडील गं," तिने हळूच मला वाक्य पुरवलं. "वडील गेले. विसरलीस?"

"आई," मी म्हणाले.

तिचे हात थांबले. तिने आमच्यातल्या एकेकीकडे पाहिलं, एतेनेशताईंच्या ओल्या गालांवर तिची नजर अडकली. मग तिने हात लांब केला आणि तिथे नसलेला नळ बंद केला.

ती सुंदर रडली नाही. तिच्या घशातून कढईत दाणा तडकावा तसा एक कोरडा आवाज आला. एतेनेशताईंनी तिला मागून कवेत धरलं तेव्हा तिने इतकंच विचारलं, की आईजवळ कोण होतं. अंधारातून जुमाना म्हणाली, "थांबू नका, फार खरं वाटतंय." थोड्या वेळाने दिवा विझला. जुमानालाही कळलं होतं.

प्रयोग रद्द करू असं जुमाना दोनदा म्हणाली. झेनेबेचनेच नको म्हटलं. खोलीवर जाऊन भिंतीकडे बघण्यापेक्षा इथली माणसं बरी, असं तिचं म्हणणं. "पण तुझा बाप आता तूच घे," ती मला म्हणाली. "मला आज माझं पुरे आहे."

म्हणून त्या संध्याकाळी नियम मोडला. अनोळखी माणसांनी भरलेल्या तळघरात मी स्टुलावर बसून माझीच ताटं घासली. बायका आल्या. रांगेच्या टोकाला झेनेबेच होती. काठ चेहऱ्याशी, तो आता कुणाच्या नाटकातला नव्हता. वाक्य तिने घेतलं. "वुबित," ती सगळ्यांदेखत, आमच्या भाषेत म्हणाली, "बेयेने गेले. तुझे वडील." इतक्या वर्षांनी कुणीतरी ते मला तोंडाने सांगत होतं. मला रडू आलं नाही. मी नळ बंद केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शोक असलेल्या बाईला आमच्याकडे एकटं निजू देत नाहीत. जमिनीवर तिच्या भोवती बायका पथाऱ्या टाकतात. पण तळघरातून आम्ही एकेकटीनेच बाहेर पडायचो, मध्ये वेळ सोडून, म्हणजे रस्त्याला घोळका दिसू नये. पहिली ती निघाली. कोपऱ्यावरच्या जनरेटरच्या घरघरीत तिने मागे वळून काही म्हटलं असेल तर मला ऐकू आलं नाही. मी माझी पाळी येईपर्यंत दारात उभी राहून तिला वळणापर्यंत पाहत होते. दुकानांच्या उजेडात शिरण्याआधी ती थांबली, ओढणी सोडली आणि पुन्हा नीट पांघरली, काठ खाली, चारचौघींसारखा.